चष्म्याचा नंबर घालवणारे लेसर

डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. प्रकाश वळवण्याचे बहुतेक काम तोच करतो, त्यामुळे त्याचा बाक बदलला की चष्म्याचा नंबरही बदलतो. हे सूत्र नेत्रतज्ज्ञ होसे इग्नासियो बाराकेर यांनी १९४९ मध्ये मांडले. पुढे बोगोटात त्यांनी कॉर्नियाची चकती कापून, गोठवून, लेथवर घासून परत बसवली. १९७० च्या दशकात मॉस्कोत स्व्यातोस्लाव फ्योदोरोव्ह यांनी चाकाच्या आऱ्यांसारखे छेद देण्याची पद्धत रूढ केली. ती सोपी होती, पण पडदा कायमचा दुबळा करी आणि अनेकांचा नंबर पुढे वर्षानुवर्षे सरकत राही.

खरे वळण आले न्यूयॉर्क राज्यातील आयबीएमच्या प्रयोगशाळेत. नोव्हेंबर १९८१ मध्ये रंगस्वामी श्रीनिवासन यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीवर १९३ नॅनोमीटरचा एक्झायमर लेसर सोडला. शेजारचा भाग न भाजता नेमका तेवढाच थर उडाला, कारण हे किरण रेणूंमधले बंधच तोडतात. मद्रासमध्ये जन्मलेल्या या रसायनशास्त्रज्ञाचे नाव आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही, याची खंत वाटते. नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी १९८३ मध्ये हे तंत्र कॉर्नियावर आणले.

त्यातून पीआरके आली. हिच्यात कॉर्नियावरची पातळ त्वचा काढून उघड्या पृष्ठभागावर लेसर मारतात. पडद्याची मजबुती बरीच टिकते, पण काही दिवस डोळे दुखतात आणि नजर हळूहळू स्थिरावते. हा त्रास लॅसिकने टाळला. १९९० च्या सुमारास क्रीटमधील इओआनिस पालिकारिस यांनी पातळ फ्लॅप उचलून, खाली लेसर मारून तो परत बसवला. दुसऱ्याच दिवशी स्वच्छ दिसू लागल्याने लॅसिक जगभर पसरली. मात्र फ्लॅप कापताना मज्जातंतू तुटतात, डोळे कोरडे पडतात आणि जोराच्या आघाताने फ्लॅप सरकू शकतो. पुढे फ्लॅपसाठी पात्याऐवजी फेमटोसेकंद लेसर आला, तरी फ्लॅप राहिलाच.

जर्मनीत विकसित झालेल्या स्माइलने तोही काढून टाकला. फेमटोसेकंद लेसर कॉर्नियाच्या आतच पातळ चकती कोरतो आणि ती दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून ओढून काढतात. कोरडेपणा कमी होतो, मात्र प्लस नंबरसाठी लॅसिकचाच अनुभव मोठा आहे. म्हणून नवी ती सरसकट श्रेष्ठ, असे मानणे चूक ठरते. कॉर्निया पातळ असेल तर डॉक्टर आजही पीआरके सुचवतात, आणि स्माइलनंतर थोडा नंबर उरला तर तो काढण्यासाठीही बहुधा तिचाच आधार घेतात.