झोप येते कुठून?

आमच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचं नाव इथं सांगत नाही. शाळेत त्याला त्या नावानं कुणी हाक मारतही नसे, सगळे त्याला ‘कुंभकर्ण’च म्हणत. ही गोष्ट १९६७-६८ सालची, तालुक्याच्या गावातल्या शाळेतली. सातवीपर्यंत हा मुलगा चांगला चुणचुणीत होता. आठवीत मात्र हजेरी संपते न संपते तोच त्याची मान कलायला लागली. मास्तर त्याला बाकावर उभं करायचे, तर तो उभ्या उभ्या पेंगायचा. दहा मिनिटं डुलकी झाली की ताजातवाना व्हायचा आणि तासाभरात पुन्हा तेच.

त्याची आणखी एक खोड आहे असं आम्ही समजत असू. वर्गात काही विनोद झाला आणि तो खदखदून हसला, की त्याचे गुडघे एकदम वाकायचे आणि तो बसकण मारायचा. शुद्धीवर असायचा, डोळे उघडे असायचे, पण हातपाय हलत नसत. क्षणभरानं उठून उभा राहायचा. मास्तरांना वाटायचं, हा सोंग करतोय. मग छडी. आणि आम्ही काय करायचो? त्याला मुद्दाम हसवायचो. तो पडला की टाळ्या पिटायचो. त्यात मीही होतो.

नववीनंतर त्याची शाळा सुटली. मी पुढं शिकलो आणि वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. झोपेवरचं व्याख्यान दरवर्षी द्यावं लागे. झोपेचा हा इतिहास वाचताना मला तो मुलगा पहिल्यांदा नीट दिसला. म्हणून आज आपल्याला तो इतिहास सांगायचा आहे.

आपण म्हणतो, ‘झोप लागली’, ‘जाग आली’. झोप लागते आणि जागही येते. जणू दोन वेगळ्या गोष्टी आपल्याकडे आळीपाळीनं येतात. भाषेनं हे फार पूर्वी ओळखलं होतं. शास्त्र मात्र बराच काळ असं मानत होतं, की झोप म्हणजे नुसती जागेपणाची उणीव. तेल संपलं की दिवा विझतो, तसा दिवसभराच्या श्रमानं मेंदू थकतो आणि विझतो. विझण्यासाठी वेगळी यंत्रणा कशाला हवी?

या समजुतीला पहिला धक्का बसला तो एका साथीमुळं. १९१६-१७ चा हिवाळा. पहिलं महायुद्ध चालू होतं. व्हिएन्नातल्या मनोविकारांच्या रुग्णालयात चमत्कारिक रोगी येऊ लागले. ताप, डोकेदुखी, आणि मग झोप. जेवता जेवता, काम करता करता ही माणसं झोपी जात. हलवून उठवलं तर उठत, विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देत आणि पुन्हा झोपत. कित्येक आठवडे हे चाले. अनेकजण त्यातच दगावत.

तिथं कॉन्स्टँटिन फॉन इकॉनोमो नावाचे डॉक्टर होते. ग्रीक घराण्यातले, रुमानियात जन्मलेले, त्रिएस्तमध्ये वाढलेले. विमानविद्येचं त्यांना वेड होतं आणि युद्धात त्यांनी विमानही चालवलं होतं. १९१७ मध्ये त्यांनी या रोगाचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्याला ‘एन्सेफलायटिस लेथार्जिका’ असं नाव दिलं. मेंदूचा दाह होऊन येणारी गुंगी, असा त्याचा अर्थ. पुढच्याच वर्षी जगभर इन्फ्लुएंझाची महासाथ आली, जिला आपल्याकडचे जुने लोक ‘मानमोडी’ म्हणत. झोपेची ही साथ मात्र तिच्या आधीच सुरू झाली होती. पुढची दहा वर्षं ती जगभर फिरली, लाखोंना तिनं गाठलं आणि मग जशी आली तशी ओसरली. ती नेमकी कशामुळं आली, हे आजही ठरलेलं नाही.

इकॉनोमो यांचं मोठेपण पुढं आहे. सगळेच रोगी झोपत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. काहींचं अगदी उलटं होई. त्यांची झोप पार उडून जाई. दिवसरात्र तळमळ, हातापायांची चाळवाचाळव, आणि डोळ्याला डोळा नाही. एकच रोग, मग एकाला झोप आवरेना आणि दुसऱ्याला ती येईना, असं का व्हावं?

दगावलेल्या रोग्यांचे मेंदू त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. मेंदूच्या तळाशी, मधोमध, साधारण बदामाएवढा हायपोथॅलॅमस नावाचा भाग असतो. अतिझोपेच्या रोग्यांत दाहाची जखम असायची या भागाच्या मागच्या टोकाला, जिथं तो मेंदूच्या देठाला मिळतो तिथं. निद्रानाशाच्या रोग्यांत ती असायची पुढच्या टोकाला. इकॉनोमो यांनी निष्कर्ष काढला, की मागच्या बाजूला जागं ठेवणारी जागा आहे आणि पुढच्या बाजूला झोप आणणारी. पुढची जागा निकामी झाली तर माणूस कितीही थकला तरी झोपू शकत नाही. म्हणजे झोप ही मेंदूनं करायची कामगिरी ठरली. ‘दिवा विझतो’ हा सिद्धांत इथं मोडला.

इकॉनोमो यांनी आणखी एक अंदाज केला होता. नार्कोलेप्सी नावाचा एक रोग तेव्हा माहीत होता. १८८० मध्ये फ्रान्सच्या जेलिनो या डॉक्टरांनी दारूच्या पिंपांचा धंदा करणाऱ्या एका माणसाच्या निमित्तानं त्याला हे नाव दिलं होतं. त्या माणसाला दिवसातून कितीतरी वेळा झोपेचे झटके येत आणि भावनावेग झाला की तो कोसळे. या रोगाचं मूळही हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागातच असावं, असं इकॉनोमो म्हणाले. ते १९३१ मध्ये गेले. हा अंदाज तपासून पाहण्याचं साधन तेव्हा कुणाकडंच नव्हतं.

पुढची काही वर्षं शास्त्र दुसऱ्याच वाटेनं गेलं. जर्मनीत येना इथं हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख काढला आणि १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यामुळं झोप कागदावर दिसू लागली. जागेपणी लहरी लहान आणि जलद, गाढ झोपेत मोठ्या आणि संथ. हे तंत्र वापरून ब्रुसेल्सच्या फ्रेडरिक ब्रेमर यांनी १९३५ मध्ये मांजरांवर प्रयोग केले. मेंदूचा देठ वरच्या बाजूला छेदला, तर वरचा मेंदू कायमचा झोपेच्या लहरी दाखवू लागला. ब्रेमर यांनी त्याचा अर्थ लावला, की बाहेरून येणाऱ्या संवेदना तुटल्या म्हणून मेंदू झोपला. पुन्हा तोच विझलेला दिवा!

१९४९ मध्ये मोरुझ्झी आणि मॅगून या जोडीनं शिकागोजवळच्या प्रयोगशाळेत हे चित्र बदललं. देठाच्या गाभ्यात चेतापेशींचं एक जाळं आहे. तिथं विजेचा हलका झटका दिला, की गुंगीतल्या मांजराच्या लहरी क्षणात जागेपणाच्या होतात. म्हणजे जागं ठेवणं हेही मेंदूच्या आतूनच चालणारं काम आहे. इकॉनोमो यांची मागची जागा या जागृतीच्या वाटेवरच येते. झोप आणणाऱ्या पुढच्या जागेबद्दलही पुरावा मिळाला होता. १९४६ मध्ये वाले नाउटा या डच शास्त्रज्ञानं उंदरांच्या हायपोथॅलॅमसचा पुढचा भाग छेदला, तेव्हा उंदरांची झोपच नाहीशी झाली. पण त्या काळी सगळ्यांचं लक्ष जागृतीकडं होतं. नाउटांचा निबंध कोपऱ्यात पडून राहिला.

मग आली स्वप्नं. १९५३ मध्ये शिकागोच्या असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखवलं, की रात्रीतून काही वेळा मिटलेल्या पापण्यांआड बुबुळं वेगानं फिरतात, आणि त्या वेळी उठवलं तर माणूस बहुधा स्वप्न सांगतो. असेरिन्स्की यांनी सुरुवातीचे काही आलेख आपल्या आठ वर्षांच्या मुलाचेच काढले होते. फ्रान्समध्ये लिऑं इथं मिशेल जुव्हे यांनी १९५९ मध्ये यात भर घातली. या स्वप्नझोपेत मेंदू जवळजवळ जागा असतो, पण मानेचे, हातापायांचे स्नायू पूर्ण ढिले पडलेले असतात. देठातून तशी आज्ञाच येते. देठातला तो भाग निकामी केलेली मांजरं झोपेतच उठून, न दिसणाऱ्या भक्ष्यावर झडप घालू लागली. स्वप्नात आपण धावतो तरी अंथरुणातच असतो, ते या आज्ञेमुळं.

माझा शाळासोबती मला इथं आठवला. शुद्धीवर असताना गुडघे वाकणं, हातपाय ढिले पडणं म्हणजे ही स्वप्नझोपेतली आज्ञाच होती, भर दिवसा वाट चुकून आलेली. पण ती वाट चुकत का होती?

याचं उत्तर मिळायला विसावं शतक संपावं लागलं. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या क्लिफर्ड सेपर यांच्या चमूनं हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात पेशींचा एक लहानसा पुंजका शोधला. आपण झोपलो की या पेशी कामाला लागतात आणि मागच्या, देठातल्या, जाग ठेवणाऱ्या केंद्रांना गप्प बसवतात. इकॉनोमो यांनी बोट ठेवलं होतं तीच ही जागा. आपल्याकडं दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत व्ही. मोहन कुमार यांच्या गटानं याच भागाजवळच्या पेशींवर अनेक वर्षं काम केलं. उंदरांत या पेशी नष्ट केल्यावर उडालेली झोप, गर्भातल्या उंदराच्या तशाच पेशी तिथं रोवल्यावर बरीचशी परत आली.

हा सगळा कारभार बागेतल्या सी-सॉसारखा चालतो. एका टोकाला झोप, दुसऱ्या टोकाला जाग. दोघी एकमेकींना दाबतात, म्हणून फळी मधे तरंगत राहत नाही. आपण चटकन झोपतो किंवा चटकन जागे होतो. दिवसभरात मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो आणि झोपेचं पारडं जड करतो. चहा-कॉफीतलं कॅफिन त्याची वाट अडवतं, म्हणून तरतरी येते. हायपोथॅलॅमसमध्ये चोवीस तासांचं घड्याळही आहे. त्याची जागा १९७२ मध्ये सापडली. रात्र झाली, हे तेच सांगतं.

पण दिवसा जागेपणाची बाजू घट्ट धरून ठेवणारा कुणीतरी हवा. तो १९९८ मध्ये सापडला. दोन गटांनी एकाच वेळी शोधलेल्या या रसायनाला एकानं हायपोक्रेटिन म्हटलं, दुसऱ्यानं ओरेक्सिन. ते तयार करणाऱ्या पेशी माणसाच्या मेंदूत सुमारे सत्तर हजार. अब्जावधींच्या पसाऱ्यात मूठभरच! स्टॅनफर्डमध्ये नार्कोलेप्सी असलेल्या डॉबरमन आणि लॅब्राडॉर कुत्र्यांचा सांभाळ होत होता. आवडता खाऊ दिसला की आनंदानं ही कुत्री जागीच कोसळत. १९९९ मध्ये कळलं, की त्यांच्यात या रसायनाचा निरोप घेणारा भागच सदोष आहे. आणि २००० मध्ये, या रोगानं आजारी असलेल्या माणसांचे मृत्यूनंतर मेंदू तपासले, तर त्या सत्तर हजार पेशींपैकी ८५ ते ९५ टक्के गायब! जागा होती हायपोथॅलॅमसच्या मागच्या-बाजूच्या भागात. इकॉनोमो यांनी सत्तर वर्षांपूर्वी म्हटलं होतं तशीच.

हा रोग साधारण दोन हजारांत एकाला होतो आणि बहुधा आठवी-नववीच्या वयातच सुरू होतो. शरीराची संरक्षणव्यवस्थाच या पेशींवर उलटत असावी, असं आज मानलं जातं. गेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण औषधांनी बरंच सावरता येतं, दुपारी ठरवून घेतलेल्या डुलकीनंही. ओरेक्सिनचं काम करणाऱ्या नव्या औषधांच्या माणसांवरील चाचण्यांतही आशा दिसते आहे. उलट ओरेक्सिनला अडवून झोप आणणारं औषध अमेरिकेत २०१४ मध्येच मान्य झालं.

२००३ साली गावी एका लग्नात तो मला भेटला. केस पिकलेले, स्वभाव अबोल. हसू यायला लागलं की भिंत धरायची, ही सवय त्यानं लावून घेतली होती. पंगत उठल्यावर ओसरीवर बसून मी त्याला हे सगळं सांगितलं. आम्ही त्याला मुद्दाम हसवायचो, त्याबद्दल माफीही मागितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. वडिलांनी त्याला दुकानावर बसवलं होतं. गिऱ्हाईकासमोर झोपतो म्हणून भावांनी तिथूनही उठवलं. लग्न झालं, पण घरात त्याची ओळख ‘आळशी’ अशीच राहिली होती.

शहरात मेंदूविकारतज्ज्ञांकडं जायचं आम्ही ठरवलं, आणि पुढं गेलोही. रात्रीच्या झोपेची आणि दिवसाच्या डुलक्यांची तपासणी झाली, निदान पक्कं झालं, औषध सुरू झालं. पण त्या दुपारी त्याला औषधाची घाई नव्हती. तो एवढंच म्हणाला, “हे सगळं एका कागदावर लिहून दे. मराठीत. घरी दाखवायला.”

लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर मी ते लिहून दिलं. आज आपल्याशी बोललो ते त्याचंच सविस्तर रूप. ऐकणाऱ्यांत कुणी शिक्षक असतील, आईवडील असतील, तर त्यांना एवढीच विनंती. पुरेशी रात्र झोपूनही एखादं मूल महिनोन् महिने वर्गात पेंगत असेल, हसताना त्याचे गुडघे वाकत असतील, तर त्याला बाकावर उभं करू नका. डॉक्टरांकडं न्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)