दारावरची तीन अक्षरे

सप्टेंबर १८९६मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला. ६ ऑक्टोबरला म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी रुग्णांना सक्तीने हलवण्याचा हुकूम काढला. लोक रुग्ण लपवू लागले. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगार आर्थर रोड इस्पितळावर चालून गेले. हुकूम सैल करावा लागला. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ अशी इंग्रजी आद्याक्षरे रंगवली जात. आत राहणाऱ्या बहुतेकांना ती वाचता येत नसत.

२०२०मध्ये आमच्या सोसायटीच्या सूचनेत ‘आयसोलेशन’साठी मी ‘विलगीकरण’ लिहिले. शेजारच्या आजी म्हणाल्या, “म्हणजे मला नेणार का गं?” शब्द अचूक होता, पण आजींसाठी तीही तीन अक्षरेच होती. मग खाली लिहिले: कुठे नेतील, कोण भेटू शकेल, परत कधी.