उकळत्या सुईपासून पांढऱ्या डब्यापर्यंत

मंडळी, आपल्या बेळगाव-निपाणीकडच्या जुन्या दवाखान्यांत काचेची सिरिंज नि सुई उकळून पुन्हा वापरायचे. काळजी रोग्याची; सुई धुणाऱ्या कंपाउंडरच्या नि सिस्टरच्या बोटांची कुणाला?

1986 ला भारतात एचआयव्ही सापडला नि सगळे दचकले. खरं तर टोचलेल्या सुईतून हिपॅटायटिस बी काविळीचा धोका त्याहून कितीतरी जास्त. 1998 ला दवाखान्यातल्या कचऱ्याचे नियम आले. 2016 च्या नियमांनी सुयांसाठी आरपार न टोचणारा पांढरा डबा नि कचरा हाताळणाऱ्या मावशींनाही लस बंधनकारक केली.

घरातली लेक-सून नर्स असेल तर विचारा, काविळीच्या लसीचे तिन्ही डोस झाले का? सुईला टोपण परत लावू नको. टोचलीच तर लपवू नको. एचआयव्ही रोखणारं औषध 72 तासांच्या आतच सुरू व्हावं लागतं.