राजपुताना बोटीची वाट

सोलापूर शहराला समुद्र नाहीं. कोंकणचा किनारा मध्यें सह्याद्रि टाकून अडीचशें किलोमीटरांहून अधिक दूर राहिला आहे. तरीहि पुण्याच्या वाटेवर चिंचोळीची जी औद्योगिक वसाहत वसली आहे, तिच्याकडून मालमोटारी घाट उतरून न्हावाशेव्याच्या बंदराकडे जातात, आणि सोलापुरी टॉवेल परमुलखांतील लोकांच्या खांद्यावर जाऊन पडतो. माल बंदरें पाहतो. माल विणणारा तीं बहुधा पाहत नाहीं.

बंदर पाहण्याच्याहि तऱ्हा असतात. हल्लीं कॅरिबियन समुद्रांत ज्या विहारनौका हिंडतात, त्या सकाळीं बार्बाडोससारख्या एखाद्या बेटाच्या धक्क्याला लागतात. उतारू उतरतात, बाजार पाहतात, वाळूंत बसतात, आणि सायंकाळचा भोंगा झाला कीं पुन्हां बोटीवर येतात. त्या एका दिवसांत बंदर त्यांना जेवढें दिसावयाचें तेवढें दिसतें. पुढें त्या गांवाचें काय झालें, याची पंचाईत त्यांना नसते. सोलापूरच्या एका तरुणानेंहि बोटींतून अशींच बंदरें पाहिलीं. परंतु त्याचें परतीचें तिकीट कामीं आलें नाहीं.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म सोलापुरांत 10 ऑक्टोबर 1910 रोजीं, एका बेताच्या स्थितींतील कुटुंबांत झाला. गांव गिरण्यांचें आणि बाण्याचें. 1930 च्या मे महिन्यांत तेथें लष्करी कायदा पुकारण्यांत आला, आणि 12 जानेवारी 1931 रोजीं मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन हे सोलापूरचे चौघे येरवड्यास फांशीं गेले. द्वारकानाथ तेव्हां विशींत होते. त्यांचें वैद्यकीचें शिक्षण झालें तें मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांत. 1926 सालीं निघालेल्या या संस्थेला देणगी देतांना विश्वस्तांनीं अट घातली होती कीं, येथें शिकविणारे सर्व हिंदी असावेत. अशा गांवाचा आणि अशा शाळेचा विद्यार्थी परक्याच्या दुःखाला धांवून गेला, यांत नवल कमी आहे.

जपाननें 1937 सालीं चीनवर स्वारी केली. सेनापति झू द यांनीं पंडित जवाहरलाल नेहरूंकडे डॉक्टरांची मागणी केली. 1938 सालीं काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनीं 30 जून रोजीं वृत्तपत्रांतून आवाहन केलें, जुलैच्या 7 ते 9 तारखांस ठिकठिकाणीं फंड जमविण्यांत आला, आणि बावीस हजार रुपये उभे राहिले. पथक पांच जणांचें ठरलें: अलाहाबादचे मदनमोहनलाल अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसु व मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. अटल हे नुकतेच स्पेनच्या यादवी युद्धांतून आलेले. चोळकर वयानें सर्वांत वडील. 1 सप्टेंबर 1938, गुरुवार, या दिवशीं पांचहि जण मुंबईस ‘राजपुताना’ बोटीवर चढले.

ही बोट मुंबईकरांच्या ओळखीची होती. पी. अँड ओ. कंपनीसाठीं 1925 सालीं बांधलेली, साडेसोळा हजार टनांची. गोलमेज परिषदेसाठीं 29 ऑगस्ट 1931 रोजीं महात्मा गांधी मुंबईहून निघाले, तेहि हिच्यावरच. या कंपनीचा पूर्वेकडील मार्ग ठरलेला असे: कोलंबो, पिनांग, सिंगापूर, हाँगकाँग, मुंबईपासून मोजले तर सुमारें चार हजार सागरी मैल.

कोलंबो आलें म्हणजे पहिला विसांवा. पूर्वी सिंहलद्वीपाचें मोठें बंदर गॉल हें होतें. 1875 सालीं कोलंबोच्या लाटा अडविणाऱ्या बांधाची पहिली शिळा बसली, आणि त्यानंतर गॉलचा व्यापार हळूहळू इकडे वळला. मग पिनांग, जें फ्रान्सिस लाइट यानें 1786 सालीं कंपनी सरकारच्या पदरांत टाकलें. मग 1819 पासूनचें रॅफल्सचें सिंगापूर. एकाच धन्याच्या हातचे हे मणी. त्यांतून ओंवलेला दोरा म्हणजे चीनचा व्यापार. तो व्यापार कसला होता, हें सांगितल्यावांचून या सफरीचा अर्थ कळावयाचा नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत मुंबईहून चीनकडे जीं जहाजें जात, त्यांत कापूस असे आणि अफू असे. ही अफू माळव्याची. म्हणजे पुष्कळशी शिंदे-होळकरांच्या मुलखांत पिकलेली. 1830 च्या सुमारास ती बंगालच्या अफूशीं बरोबरी करूं लागली. साहेबाच्या माथीं सर्व पाप मारून मोकळें होण्याची आपल्याकडे संवय आहे, पण शेत आपलें, दलाल आपले, जहाजावरचे मालकहि कित्येकदां आपलेच होते. सर जमशेटजी जिजीभाई हे तरुणपणीं पांच वेळां चीनला जाऊन आले. कापूस व अफू यांच्या व्यापारांत त्यांनीं अपार द्रव्य मिळविलें, आणि त्यांतलें पुष्कळसें मुक्त हस्तानें दानधर्मांत घातलें. 1845 सालीं सुरू झालेलें त्यांच्या नांवाचें रुग्णालय त्याच दानांतलें. तेथें मुंबईचा रोगी बरा झाला, तेव्हां त्या औषधाची किंमत कँटनच्या कोणा अफूबाजानें आधींच चुकती केली होती. असें बोललें तर कित्येकांस कडू लागेल. परंतु हिशेब तो हिशेबच.

हाँगकाँगहून कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगझौ शहराला, जाणारा जलमार्ग मोत्यांची नदी म्हणून जी प्रसिद्ध आहे तिच्या मुखांतून जातो. अंतर सुमारें एकशें तीस किलोमीटर. वाटेंत नदी अरुंद होते तें ठिकाण हुमेन. येथेंच 1839 च्या जूनमध्यें लिन झेश्यू या चिनी अधिकाऱ्यानें विदेशी व्यापाऱ्यांकडून घेतलेल्या अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या खड्ड्यांत ओतून, मीठ व चुना कालवून, समुद्राला दिल्या. त्यावरून युद्ध पेटलें. इंग्रजांच्या बाजूनें लढावयास हिंदी शिपाईहि नेण्यांत आले. आणि 1842 च्या नानकिंगच्या तहानें हाँगकाँग बेट इंग्रजांकडे गेलें. मुंबईच्या पेट्या ज्या मार्गानें चीनला गेल्या, त्याच मार्गानें शंभर वर्षांनीं मुंबईच्या पेट्या पुन्हां येत होत्या. या खेपेस आंत औषधें होतीं, बरोबर रुग्णवाहिका होती, आणि त्यांबद्दल कोणाकडे दाम मागावयाचा नव्हता.

17 सप्टेंबर 1938, शनिवारीं, पथक कँटनला पोंचलें. स्वागताला सुंग चिंग-लिंग, चिनी प्रजासत्ताकाचे जनक सुन यत्‌ सेन यांच्या पत्नी, स्वतः हजर होत्या. त्याच वर्षीं जूनमध्यें हाँगकाँगांत त्यांनीं चीनच्या संरक्षणासाठीं परदेशांतून औषधें व पैसा मिळविणारी संस्था काढली होती. कँटनला विमानांतून बाँब पडूं लागून वर्ष होऊन गेलें होतें. त्या उन्हाळ्यांतल्या हल्ल्यांत हजारों माणसें दगावलीं. समुद्रावाटे येणारें साहाय्य आंत नेणारा तोच दरवाजा असल्यामुळें जपानचा डोळा त्यावर होता. येथूनच 1936 सालीं पुरी झालेली आगगाडी हानकौपर्यंत जात होती. म्हणून प्रवाशाच्या भाषेंत पाहावयाचें तर तें एक उतरण्याचें बंदर. पण त्या दिवशीं त्याला चौतीस दिवसांचें आयुष्य उरलें होतें. 21 ऑक्टोबरला जपानी फौजा कँटनमध्यें शिरल्या. त्याच महिन्याअखेर हानकौहि गेलें. पांच डॉक्टरांची बोट दीड महिना उशिरां सुटती, तर त्यांना या वाटेनें चीनमध्यें पाऊल टाकतां आलें नसतें.

पुढची हकीकत पुष्कळांस ठाऊक आहे. फेब्रुवारी 1939 मध्यें पथक येनानला पोंचलें. चीनमध्यें असतांनाच कोटणिसांना वडील वारल्याची बातमी कळली; परत जाण्याचें निमित्त होतें, पण ते गेले नाहींत. बाकीचे चौघे यथाकाल मायदेशीं आले. कोटणीस उत्तरेकडील डोंगराळ आघाडीवर शस्त्रक्रिया करीत राहिले. 1940 च्या एका लढाईंत बहात्तर तास न झोंपतां त्यांनीं काम केलें. चिनी भाषा शिकून घेतली, आणि 1941 च्या जानेवारींत डॉ. बेथून यांच्या नांवानें चाललेल्या आंतरराष्ट्रीय शांति रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. तेथील परिचारिका ग्वो चिंगलान यांच्याशीं त्यांनीं विवाह केला.

इकडे बंदरांचें काय झालें? हाँगकाँग 1941 च्या नाताळांत पडलें, पिनांग त्याच महिन्यांत, सिंगापूर 15 फेब्रुवारी 1942 ला. कोलंबोवर 5 एप्रिल 1942 रोजीं, ईस्टरच्या रविवारीं, बाँब पडले, मात्र तें शत्रूच्या हातीं गेलें नाहीं. ‘राजपुताना’ बोट 1939 च्या अखेरीस सरकारनें घेऊन तिच्यावर तोफा बसविल्या होत्या. 13 एप्रिल 1941 रोजीं आइसलंडच्या पश्चिमेस जर्मन पाणबुडीनें तिला बुडविलें. ज्या वाटेनें कोटणीस गेले, त्या वाटेची एक एक पायरी त्यांच्यामागें अशी ढांसळत गेली.

23 ऑगस्ट 1942 रोजीं त्यांना मुलगा झाला. सेनापति न्ये रोंगझेन यांनीं त्याचें नांव सुचविलें ‘यिनहुआ’: यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मूल साडेतीन महिन्यांचें असतांना, 9 डिसेंबर 1942 रोजीं, अपस्माराच्या झटक्यांनीं कोटणीस वारले. वय बत्तीस. तेथेंच एका खेड्यांत त्यांना पुरण्यांत आलें. पुढें त्यांच्या अस्थि शिजियाझुआंग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमींत नेण्यांत आल्या. सोलापुरांत भैय्या चौकाजवळ त्यांचें घर स्मारक म्हणून राखलें आहे. चीनहून येणारीं माणसें तें पाहावयास मुद्दाम वाट वांकडी करून येतात.