तुरीची वंशावळ

मार्गशीर्षातील अमावस्येला, म्हणजे येळवशीच्या दिवशी, भालकी, औराद आणि बसवकल्याण ह्या भागांतली गावे दुपारपर्यंत ओस पडतात. सारी माणसे शेतावर गेलेली असतात. कडब्याची खोप उभारून पूजा होते, आंबील वाढले जाते, आणि त्या दिवसाच्या भज्जीत तुरीचे कोवळे दाणे हटकून पडतात. शेजारचे कानडी घर ह्याच पिकाला तोगरी म्हणते. सण तोच आणि खोपही तशीच. १९५६ साली हैदराबाद संस्थानाच्या मुलखाची भाषेप्रमाणे वाटणी झाली, तेव्हा बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके त्या वेळच्या मुंबई राज्यात आले आणि उरलेल्या बिदरचा, तसाच गुलबर्ग्याचा, बहुतांश भाग म्हैसूर राज्यात गेला. गुलबर्ग्याचे नाव २०१४ पासून कलबुर्गी झाले. नकाशावरची रेघ अशी हलत राहिली, परंतु शेतकऱ्याच्या कणगीतले बियाणे ह्या रेघेला कधीच जुमानीत नव्हते. त्या बियाण्याचा इतिहास माणसांच्या इतिहासाहून थोडा निराळा आहे, आणि तो वाचण्याची लिपी सापडून अजून अर्धे शतकही झालेले नाही.

तूर मूळची कोठली, ह्यावर विद्वानांत बराच काळ वाद चालला. द कँडोल ह्या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाचा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल आफ्रिकेकडे होता. इजिप्तमधील एका प्राचीन थडग्यात तुरीचा म्हणून एक दाणा सापडला होता, त्याचाही ह्या मताला आधार मिळाला. उलट रशियाचे थोर संशोधक वाव्हिलोव्ह ह्यांनी तुरीचे जन्मस्थान हिंदुस्थान असे धरले. त्यांची कसोटी साधी होती: ज्या मुलखात एखाद्या पिकाचे प्रकार सर्वांत जास्त, तेथे त्याचे माहेर शोधावे. पिकांच्या विविधतेचा ध्यास घेतलेला हा पुरुष १९४३ साली साराटोव्हच्या तुरुंगात मरण पावला, ही त्या शतकाची एक मोठी लाजिरवाणी गोष्ट होय.

प्रकार मोजावयाचे म्हणजे त्या काळी डोळ्यांनीच मोजावयाचे. फूल पिवळे की तांबड्या शिरांचे, शेंग हिरवी की जांभळट, दाणा पांढरा, तांबडा की ठिपक्यांचा, झाड पसरट की ताठ, ह्यावरून नागपूर येथे महता आणि दवे ह्यांनी १९३१ साली तुरीच्या प्रकारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोनच वर्षांनी पुसा येथील संस्थेत शॉ व त्यांचे सहकारी ह्यांनी ऐंशीहून अधिक प्रकार नोंदले. हे काम अत्यंत चिकाटीचे होते आणि आजही ते आदराने पाहावे असे आहे. त्यात एक उणीव मात्र होती. फुलाचा रंग ही एकदोन जनुकांची करामत असते. दोन झाडांची फुले अगदी वेगळ्या रंगांची असूनही त्यांचे बाकीचे रक्त एकच असू शकते. आणि दिसायला जुळी वाटणारी दोन झाडे दूरच्या कुळांतली असू शकतात. त्यात भर म्हणजे तुरीच्या फुलांवर मधमाश्या येतात व परागांची अदलाबदल करतात, त्यामुळे एका पाट्यातल्या बियाण्यात शेजारच्या पाट्याचा अंश केव्हा मिसळला हे कोणासही सांगता येत नाही.

ही केवळ विद्वानांची चर्चा असती तर काळ्या रानातल्या शेतकऱ्यास तिचे काय होते? परंतु मध्ये मर रोग उभा होता. बटलर ह्या संशोधकाने विसाव्या शतकाच्या प्रारंभी ह्या रोगाचा शोध घेतला, आणि त्याला कारण असलेल्या बुरशीस १९१० साली जे नाव दिले ते आजही चालते: फ्युजेरियम उडम. ही बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे दबा धरून असते. मुळातून आत शिरून ती पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवते. पीक फुलावर, शेंगेवर आलेले असते, पाटे हिरवेगार दिसत असतात, आणि आठवड्याभरात झाड उभ्या उभ्या वाळते. खोड चिरून पाहावे तर आत काळपट रेघा. बाजारात तुरी असताना भटणीशी भांडणाऱ्या भटाची म्हण आपल्याकडे हसण्यावारी जाते, पण दाणा भरण्याआधीच हिशेब मांडू नये हे ह्या भागातल्या शेतकऱ्यास बुरशीनेच शिकवले आहे.

ह्या रोगावर पहिला भरीव तोडगा निघाला तो वाणाच्या रूपाने. बिदरपासून फार दूर नसलेल्या पटानचेरू येथे १९७२ साली इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. जगभरातून तिने तुरीचे नमुने गोळा केले. आज ही संख्या तेरा हजारांच्या वर आहे. हे नमुने मुद्दाम रोगट केलेल्या जमिनीत पेरावयाचे व जे जगेल ते राखावयाचे, अशी ही कठोर परीक्षा होती. तीत उतरलेला एक वाण १९८६ साली कर्नाटकात 'मारुती' ह्या नावाने प्रसृत झाला आणि कलबुर्गी भागातील तुरीला त्याने खरोखरीच संजीवनी दिली. त्याचे मूळ कोठले? मराठवाड्यातील बदनापूरच्या कृषि संशोधन केंद्रातून आलेल्या एका देशी वाणाचे. बदनापूर आज जालना जिल्ह्यात आहे. १९५६ पूर्वी तेही गुलबर्ग्याप्रमाणे निजामी मुलखातच होते. अर्थात मारुती पुढे सीमा ओलांडून महाराष्ट्रातल्या शेतांतही पसरला, तो काही परक्या घरी गेला नाही.

जमिनीत पेरून घेतलेल्या ह्या परीक्षेला एक हंगाम लागतो, आणि पाऊस वेडावाकडा झाला तर निकालही फसवा येतो. येथेच डी.एन.ए.च्या खुणांचा उपयोग सुरू होतो. प्रत्येक पेशीतील डी.एन.ए. म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली एक प्रचंड पोथी. तुरीत ती अकरा जोड्यांच्या गुणसूत्रांत विभागलेली आहे. पोथीच्या दोन प्रतींत नकलनविसाच्या हातून जागोजाग फरक पडतात तसे दोन झाडांच्या ह्या मजकुरातही पडतात. सगळी पोथी न वाचता अशा फरकांच्या ठरावीक जागा तेवढ्या तपासावयाच्या, ह्याला खुणांची पद्धत म्हणतात. ही कल्पना १९८० साली माणसाच्या आनुवंशिकतेसाठी मांडली गेली. लवकरच कॅरी मलिस ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने डी.एन.ए.च्या तुकड्याच्या लक्षावधी प्रती नळीत काढण्याची युक्ती शोधली. तिच्याबद्दल त्यास १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९० साली ह्या युक्तीचे एक स्वस्त रूप पुढे आले. दहा अक्षरांचा एक लहानसा तुकडा घ्यावयाचा, तो पोथीत जेथे जेथे जुळेल तेथल्या मजकुराच्या प्रती काढावयाच्या, आणि त्या प्रती जेलच्या पातळ थरातून विजेच्या ओढीने पळवावयाच्या. लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे राहतात, आणि शेवटी लुगड्याच्या काठासारखे पट्टे उमटतात. एका झाडात पट्टा आहे, दुसऱ्यात नाही, इतकेच पाहावयाचे. नांगराच्या शेतीला हे फारच नाजूक हत्यार वाटेल, परंतु त्यासाठी कोवळे एक पान पुरते.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मिलिंद रत्नपारखे, विद्या गुप्ता, प्रभाकर रांजेकर आदींनी हेच हत्यार तुरीवर चालवले आणि १९९५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तुरीच्या रानटी भाऊबंदांत पट्ट्यांची भिन्नता विलक्षण निघाली. लागवडीच्या वाणांत मात्र ती अगदीच तुटपुंजी. पुढे इतर संशोधकांनी निरनिराळ्या पद्धतींनी पाहिले तरी निष्पन्न तेच. डोळ्यांना ऐंशी प्रकार दिसत होते, परंतु आतली पोथी जवळजवळ एकच होती. कारण उघड आहे. रानातल्या असंख्य झाडांतून हजारो वर्षांपूर्वी माणसाने थोडीच उचलली, त्यांचीच संतती वाढवली. बाकीचा वारसा रानातच राहिला. नंतरच्या काळात सुधारलेल्या वाणांनी देशी बियाणे मागे सारले, तेव्हा हे भांडवल आणखी आटले. एकाच कुळाचे पीक मैलोगणती उभे असले म्हणजे त्याच्या एका दोषावर सारेच पडते. बुरशीही बदलते; तिचे वेगवेगळे प्रकार आढळले आहेत, आणि एका ठिकाणी टिकणारा वाण दुसऱ्या ठिकाणी मान टाकतो. हातावर तुरी देणे हा वाक्प्रचार ह्या बुरशीस जितका शोभतो तितका क्वचितच कोणास शोभेल.

उत्तर कर्नाटकातही काम चालू होते. धारवाडच्या कृषि विद्यापीठातील संशोधकांनी मरीस बळी पडणारा एक वाण आणि मरीस दाद न देणारा 'आशा' ह्यांचा संकर करून त्याची संतती तपासली, आणि प्रतिकाराच्या जनुकाशी निगडित अशा दोन खुणा २००६ साली नोंदल्या. ह्यावर कोणी विचारील की मग रोग संपला का नाही? खूण म्हणजे प्रत्यक्ष जनुक नव्हे. ती त्याच्या शेजारचे घर आहे. पिढी बदलताना गुणसूत्रांची देवघेव होते आणि शेजारी कधी कधी वेगळे होतात. शिवाय एका संकरात खरी ठरलेली खूण दुसऱ्यात खरी ठरेलच असे नाही.

म्हणून अखेर सगळी पोथीच वाचावयाचे ठरले. २०११ साली नागेंद्र कुमार सिंह ह्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय शास्त्रज्ञांच्या गटाने, आणि त्याच वर्षी राजीव वार्ष्णेय ह्यांच्या नेतृत्वाखाली इक्रिसॅट व तिच्या सहकाऱ्यांनी, तुरीच्या जनुकसंचाचे मसुदे प्रसिद्ध केले. दोघांनीही वाचावयास घेतला तो 'आशा' वाणच. दुसऱ्या गटाच्या मोजणीत अठ्ठेचाळीस हजारांहून अधिक जनुके भरली. २०१७ साली शेतातील व रानातील मिळून २९२ नमुन्यांचे वाचन पुरे झाले आणि माहेराच्या वादावरही बराच प्रकाश पडला: पुरावा मध्य प्रदेशाकडे बोट दाखवतो. वाव्हिलोव्हचा अंदाज बरोबर होता.

कलबुर्गीच्या तूरडाळीस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, २०२२ च्या हंगामात, कलबुर्गी, बिदर आणि यादगीर ह्या जिल्ह्यांत मरीने उभी पिके वाळवली. शासनाला हेक्टरी दहा हजार रुपयांची भरपाई, तीही दोन हेक्टरांच्या मर्यादेत, जाहीर करावी लागली. पटानचेरूच्या शीतगृहात उणे वीस अंशांवर रानटी तुरींचे बी पाकिटांत बंद आहे. त्यांतल्या काही जाती लागवडीच्या तुरीशी सहज संकरित होतात, काही होत नाहीत. त्यांच्यातला प्रतिकार शेतातल्या वाणात आणावयाचा, पण रानटीपणाची बारीक शेंग आणि फुटून सांडणारा दाणा मात्र मागे ठेवावयाचा, ही निवड पिढ्यान् पिढ्या करावी लागते. पूर्वी त्यासाठी प्रत्येक पिढीत झाड पिकेपर्यंत वाट पाहावी लागे. आता रोप वीतभर झाले की त्याचे एक पान खुडून तपासतात, आणि नको ते रोप तेथेच उपटून टाकतात.