एका धातूची तीन आगमने

रविवारी आपण ‘मिस्सा’ला जातो, इंग्रजीत तिलाच ‘मास’ म्हणतात. दोन्हींचे मूळ लॅटिन भाषेतील ‘मित्तेरे’, म्हणजे ‘पाठविणे’, ह्या क्रियापदात आहे. उपासनेच्या अखेरीस भाविकांना निरोप देताना जो शब्द उच्चारला जाई, त्यावरून सबंध विधीलाच ‘मिस्सा’ हे नाव पडले.

हा धातू इंग्रजीत निरनिराळ्या वाटांनी आला. इ. स. ५९७ मध्ये पोप पहिले ग्रेगरी ह्यांनी पाठविलेले कँटरबरीचे संत ऑगस्टिन केंटमध्ये उतरले. त्या मठवासीयांच्या लॅटिन उपासनेतून ‘मास’ रुळला. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंचमार्गे ‘मेसेज’ आला. सोळाव्या शतकात विद्वानांच्या लेखणीतून ‘मिशन’ आला. पहिला शब्द लोकांच्या जिभेवर झिजला, म्हणून त्याचे कुळ चटकन ओळखू येत नाही. शेवटच्याचे रूप ग्रंथांनी जपले.

आमच्या वसईत १५३४ नंतर पोर्तुगीज आले आणि त्यांच्याकडून ‘मिस्सा’ जवळजवळ मूळ रूपातच आपल्याला लाभली. शब्द आम्ही राखला, पण अर्थ? ‘मिस्सा संपली’ म्हणत आम्ही घाईने घराकडे वळतो. शब्दाचा इतिहास मात्र सांगतो, की तेथे आपण संपत नाही, पाठविले जातो.