चांद्याची राणी ते चिंची चेटकीण

अद्भुतकथेतील साहसी नायिका मराठी बालसाहित्यात छापील रूपाने उशिरा आली. तोंडी परंपरेत मात्र ती जुनी आहे, आणि तिचा एक ठळक नमुना चंद्रपूरच्या, म्हणजे जुन्या चांद्याच्या, स्थापनेच्या कथेतच सापडतो.

पंधराव्या शतकातील गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याची राजधानी शिरपूरला होती. त्याच्या अंगावर गाठी उठल्या होत्या आणि वैद्यांचे उपाय संपले होते. जागा पालटा, असे राणीने सुचवले. त्यातून वर्धेच्या काठी बल्लारपूरचा किल्ला उभा राहिला, असे कथा सांगते. स्थानिक परंपरेत या राणीचे नाव हिरातनी असे येते. एकदा शिकारीला गेलेला राजा तहानेने व्याकूळ होऊन झरपट नदीच्या कोरड्या पात्रात उतरला. एका खळग्यात पाणी दिसले. तो ते प्यायला, हातपाय-तोंड धुतले आणि घरी येऊन गाढ झोपला. सकाळी गाठी विरलेल्या दिसल्या त्या राणीला. काल कुठे गेला होता, कुठले पाणी प्यायला, ही सगळी उलटतपासणी तिची. त्याला बरोबर घेऊन ती पात्रात गेली, गवत आणि वाळू बाजूला करवली, तेव्हा खडकात गाईच्या पावलांचे पाच ठसे पाण्याने भरलेले आढळले. अचलेश्वराचे देऊळ त्याच जागी बांधले गेले.

पुढचा भाग मुलांना अधिक आवडतो. त्याच परिसरात राजाला कपाळावर ठिपका असलेला ससा दिसला, आणि तो चक्क राजाच्या कुत्र्याचा पाठलाग करत होता. दोघे मोठमोठे फेरे घेत, वळणे घेत धावले. अखेर कुत्र्याने उलटून सशाला मारले. राजा हे नवल सांगत घरी आला. हा शुभशकुन आहे, सशाच्या माग-मागाने तट बांधा आणि आत नगर वसवा, हा निर्णय राणीचा. इंग्रज अधिकारी मेजर ल्यूसी स्मिथ यांनी चांदा जिल्ह्याच्या 1869च्या जमीनमहसूल अहवालात ही आख्यायिका नोंदवली आहे. साऱ्याचे आकडे आणि कुळवहिवाटीच्या कागदांत हा ससा कसा शिरला, हे नवलच. पण त्यामुळे कथा टिकली. तिची रचना पाहण्याजोगी आहे. घोडदौड, तहान, शिकार राजाच्या वाट्याला. घडले त्याचा अर्थ लावणे आणि पुढे काय करायचे ते ठरवणे राणीच्या.

गोंडांच्या धर्मकथेतही अशी स्त्री आहे. गोंदिया जिल्ह्यातील कचारगडच्या गुहेत कोंडलेल्या मुलांसाठी कली कंकाली ही माता झुरते, जंगो रायताड त्यांच्या सुटकेसाठी पुढे होते आणि गोंडांचा धर्मगुरू पहांदी पारी कुपार लिंगो याचे साहाय्य घेते. हिरासुका हा वादक किंगरी हे तंतुवाद्य वाजवतो, त्या सुरांनी मुलांच्या अंगात बळ येते, गुहेच्या तोंडावरची शिळा सरकते. हिरासुका मात्र तिच्याखाली सापडतो. स्टीफन हिस्लॉप यांनी जमवलेले आणि 1866 साली रिचर्ड टेंपल यांनी छापलेले लिंगोचे गीत प्रामुख्याने लिंगोचे पराक्रम गाते. माघ पौर्णिमेच्या कचारगड यात्रेत आज सांगितल्या जाणाऱ्या कथेत जंगोचे स्थान मोठे आहे.

मराठी व्रतकहाण्यांतील नायिका वेगळ्या घडणीची. नागपंचमीच्या कहाणीतली धाकटी सून नागाबरोबर थेट त्याच्या घरी जाऊन राहते, हे साहस काही कमी नाही. पण तिच्या हातून दिवा पडून नागाच्या पिलांची शेपटे भाजतात, आणि गोष्टीचा शेवट तिच्या प्रार्थनेने व त्यांच्या क्षमेने होतो. येथे बुद्धीपेक्षा भाव मोलाचा.

छापील बालसाहित्यात आणि रंगभूमीवर हा वारसा पुरता उतरला नाही. सुधा करमरकर यांनी 1959 साली लिट्ल थिएटर सुरू करून रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले आणि मराठी बालनाट्याला अद्भुताचे दार उघडले. पुढे मतकरींच्याच ‘अलबत्या गलबत्या’त सर्वांत जोरकस स्त्रीपात्र ठरले ते चिंची चेटकिणीचे, आणि ते गाजवले दिलीप प्रभावळकर यांनी. शक्ती दुष्ट बाईकडे, तीही पुरुषाने वठवलेली! प्रेक्षक मुलांची मात्र तिच्यावरच माया.

जगात कॅरोलची ॲलिस 1865 साली, बॉमची डोरोथी 1900 साली आणि लिंडग्रेनची पिप्पी 1945 साली आली. ॲलिसला भा. रा. भागवतांनी ‘जाईची नवलकहाणी’त मराठी वेश दिला. हॅरी पॉटरच्या मराठी अनुवादांनी 1997 सालची हर्मायनी आणली. घोडचुका करणाऱ्या दोन मुलग्यांमध्ये पुस्तके वाचून वाट काढणारी ही मुलगी हिरातनीच्या जवळची आहे.

चांद्याच्याच मुलखात, पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत, वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या दिवाळीनंतर रात्र रात्र प्रयोग करतात. पाठलाग, शकुन, गुप्त पाणी असा सगळा ऐवज घरचाच असताना त्यांनी सशा-कुत्र्याची गोष्ट मुलांसाठी लावावी, आणि तिच्यातील मुख्य भूमिका राणीला द्यावी.